एक वीत जागा

मागच्या दसऱ्याला माझ्या भाचीने पहिली गाडी घेतली. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. पेढा हातावर ठेवताना ती म्हणाली, "मामा, सहा एअरबॅग आहेत बरं का. तू सांगितलेलं ऐकलं."

मी विचारलं, "कुठे कुठे आहेत?"

तिने स्टिअरिंग दाखवलं, डॅशबोर्ड दाखवला, मग छताच्या दोन्ही कडा. "ह्या चार झाल्या. उरलेल्या दोन?" तिला सांगता येईना. मी चालकाच्या सीटची दाराकडची बाजू बघायला वाकलो. तिथे अंगठ्याएवढी एक कापडी पट्टी असते, तिच्यावर 'एअरबॅग' असं लिहिलेलं असतं. ती दिसली नाही. दिसलं ते तपकिरी रंगाचं, चकचकीत, जाड रेक्झिन. गाडी ताब्यात मिळण्याआधी दोन दिवस ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन आली होती, आणि तिथे सीटला पाठीपासून बैठकीपर्यंत घट्ट कव्हर चढवलं होतं. "फुकट दिलेत," भाची कौतुकाने म्हणाली.

मी बावीस वर्षं गाड्यांच्या सीटचं डिझाइन करण्यात घालवली. त्यातली निम्मी त्या झाकल्या गेलेल्या दोन एअरबॅगभोवतीच गेली. सणाच्या दिवशी भाषण द्यायला नको म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. पण त्या रात्री ठरवलं, की हे एकदा नीट लिहून काढायचं. गाडीला बाजूने धडक बसते तेव्हा आत बसलेल्या माणसाचं काय होतं, आणि त्याला वाचवणारी वस्तू दारात न ठेवता सीटमध्येच का ठेवावी लागली?

"एवढ्याशा धडकेने?"

3 जून 2014 ची सकाळ महाराष्ट्राला आठवत असेल. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. ते मागच्या सीटवर होते. एका चौकात दुसरी गाडी येऊन त्यांच्या बाजूला आदळली. चालक आणि सोबतचे सहायक वाचले, मुंडे वाचले नाहीत. मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेल्या इजा प्राणघातक ठरल्याचं वैद्यकीय तपासणीत पुढे आलं.

वर्तमानपत्रांत गाडीची छायाचित्रं आली तेव्हा अनेकांनी एकच प्रश्न विचारला: एवढ्याशा धडकेने? गाडीचा चेंदामेंदा झालेला नव्हता, बाजू चेपली होती एवढंच. संशय घेतले गेले, सीबीआय चौकशीची मागणी झाली, चौकशीही झाली, आणि तो अपघातच असल्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मागच्या सीटवर बेल्ट न लावण्याच्या आपल्या सवयीकडे लक्ष वेधलं. तो मुद्दा महत्त्वाचाच आहे. पण 'एवढ्याशा धडकेने?' या प्रश्नाचं उत्तर त्याने पूर्ण मिळत नाही. आपण गाडीकडे बघून माणसाच्या इजेचा अंदाज बांधतो. समोरासमोरच्या धडकेत तो अंदाज थोडाफार जमतो, बाजूच्या धडकेत तो पार चुकतो.

समोरून धडक बसली तर माणसाच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये काय काय असतं ते मोजा. बंपर, रेडिएटर, बॉनेटखालची चुरगाळण्यासाठीच बनवलेली पोलादी चौकट, इंजिन, डॅशबोर्ड. एक मीटरहून जास्त लांबीचा ऐवज. तो चुरगाळत जातो आणि धक्का पचवत जातो. बाजूला काय असतं? दाराचा पत्रा, आतली एक आडवी पोलादी नळी, काच सरकायची यंत्रणा, प्लास्टिकचं आवरण. त्यानंतर थोडी मोकळी हवा, आणि मग थेट बरगड्या. ती मोकळी हवा खांद्यापाशी मोजली तर साधारण एक वीत भरते, धिप्पाड माणूस असेल तर त्याहूनही कमी. बाजूच्या धडकेपासून वाचवण्याचं सगळं शास्त्र या एका वितीत मावतं.

वितीचा हिशेब

शाळेतलं गणित पुरेल असा एक हिशेब मांडतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने आलेली गाडी तेवढ्याच वजनाच्या, उभ्या असलेल्या गाडीला बाजूने धडकली, तर दोन्ही मिळून साधारण ताशी 25 किलोमीटर वेगाने सरकतात. म्हणजे आत बसलेल्या माणसालाही क्षणार्धात शून्यावरून ताशी 25 किलोमीटरवर, सेकंदाला सुमारे 7 मीटर वेगावर, जावं लागतं. हा वेग फार नाही, सायकलवरून उतारावर आपण तेवढ्या वेगाने जातो. प्रश्न असतो तो वेग किती अंतरात मिळतो याचा.

शरीराला तो वेग 5 सेंटिमीटरच्या अंतरात मिळाला, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 50 पट धक्का येतो. साठ किलोच्या माणसाला तो क्षणभर तीन टनांच्या भारासारखा असतो. तोच वेग 15 सेंटिमीटरच्या अंतरात मिळाला तर धक्का एक तृतीयांशावर येतो, म्हणजे सुमारे 17 पट, एक टन. हेही कमी नाही, पण एक टन आणि तीन टन यांत बरगडी टिकणं आणि मोडणं एवढा फरक पडू शकतो. बरगड्यांच्या आत फुप्फुसं, यकृत, प्लीहा असे नाजूक अवयव आहेत.

वाचक म्हणतील, मध्ये वीतभर मोकळी जागा आहे ना, मग 15 सेंटिमीटर मिळतातच की. खरी गंमत इथे आहे. मोकळी जागा तशीच मोकळी राहिली तर ती पूर्ण वाया जाते. माणूस सीटवर बसलेला, सीट गाडीच्या तळाला जोडलेली. धडक बसताच गाडीचा तळ लगेच हलत नाही. आधी दार आत येतं आणि ते गाडीपेक्षा वेगाने येतं, कारण त्याच्यामागे समोरच्या गाडीचं नाक असतं. एखाद्या जड कपाटावर हातोडा मारला तर फळी आधी आत जाते, कपाट नंतर सरकतं, तसं. त्या वितीतून येताना दार माणसाला काहीच करत नाही, आणि पोचल्यावर एकदम ठोसा मारतं.

त्या वितीत वेळेवर हवेने भरलेली एक पिशवी आली, तर चित्र बदलतं. दार आत येऊ लागताच पिशवीमार्फत ते माणसाला ढकलायला लागतं, म्हणजे ठोसा बसायच्या आधीच माणूस आतल्या बाजूला सरकू लागलेला असतो. जी जागा वाया जाणार होती ती कामाला येते. एअरबॅग म्हणजे मऊ उशी, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ती उशीपेक्षा गर्दीत पाठीवर आधीच हात ठेवून आपल्याला बाजूला करणाऱ्या माणसासारखी आहे. मागून धक्का बसतो त्यापेक्षा ते बरं.

आणि ढकलायचं कुठे, हेही ठरलेलं असतं. कमरेचं हाड मजबूत असतं, बरगड्या नसतात. म्हणून आजच्या पुष्कळ पिशव्यांत दोन कप्पे असतात. खालचा, कमरेजवळचा कप्पा जास्त दाबाचा आणि वरचा, छातीजवळचा कमी दाबाचा. आधी कंबर सरकवायची, मग छातीला सोबत न्यायचं.

वीस मिलीसेकंद

आत येणारं दार सेकंदाला 10 मीटर वेगाने आलं, तर वीतभर अंतर कापायला त्याला सुमारे 20 मिलीसेकंद लागतात. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी एकदा लवायला 100 मिलीसेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पापणी लवण्याच्या पाचव्या हिश्श्यात धडक ओळखायची, ती खरी आहे याची खात्री करायची, वायू सोडायचा आणि पिशवी भरायची. समोरच्या एअरबॅगला याहून पुष्कळ सवड असते, कारण बॉनेट चुरगाळायला वेळ लागतो.

म्हणून ओळखण्याचं काम जवळपास 5 ते 8 मिलीसेकंदांत उरकावं लागतं. त्यासाठी दोन प्रकारचे सेन्सर वापरतात. एक, दोन दारांच्या मधल्या खांबापाशी, ज्याला आम्ही बी-पिलर म्हणतो. तो धक्का मोजतो. दुसरा फार सुंदर कल्पनेवर चालतो. तो दाराच्या पोकळीत असतो आणि तिथल्या हवेचा दाब मोजतो. पत्रा आत दबला की पोकळीतली हवा एकदम दाबली जाते, आणि दार हलण्याआधीच खबर मिळते. दार जोरात आपटलं तरी दाब वाढतोच, म्हणून दुसऱ्या सेन्सरने दुजोरा दिल्याशिवाय पिशवी उघडत नाही. उघडायची आज्ञा मिळाली की छोट्या नळकांड्यातला वायू सुटतो. काही नळकांड्यांत रसायन जळून वायू तयार होतो, काहींत आर्गॉन किंवा हीलियम दाबून भरलेला असतो. पिशवी लहान असते, समोरच्या पिशवीच्या जवळपास चौथ्या हिश्श्याची. म्हणूनच ती वेळेत भरते.

दारात का नाही?

धोका दाराकडून आहे, तर पिशवी दारातच ठेवावी, हे कुणालाही सुचेल. काही कंपन्यांनी तसं केलंही. पण अडचणी लगेच दिसल्या. पहिली अडचण अशी, की दार हीच धडकेत सर्वांत आधी मोडणारी वस्तू आहे. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. माणसं एका मापाची नसतात. पाच फुटांची बाई सीट पुढे ओढून बसते, सहा फुटांचा माणूस ती मागे ढकलून बसतो. दोघांच्या बरगड्यांच्या जागांत वीतभराहून जास्त फरक पडतो. दार मात्र जागचं हलत नाही. दारातली पिशवी दोघांनाही झाकायची तर ती मोठी करावी लागेल, आणि मोठी पिशवी भरायला वेळ लागेल. तो वेळ तर नाहीच.

सीट मात्र माणसाबरोबर पुढेमागे होते. पाठ आडवी केली तर तीही माणसाबरोबर आडवी होते. सीटच्या पाठीच्या दाराकडच्या कडेला पिशवी बसवली, तर ती कायम त्या माणसाच्या बरगड्यांपाशीच असणार. एवढीच साधी गोष्ट, पण तिने प्रश्न सोडवला.

हे प्रथम बाजारात आणलं स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने. तीन टोकांचा सीटबेल्ट 1959 मध्ये आणणारे निल्स बोलिन याच कंपनीचे अभियंते. बाजूच्या धडकेवर व्होल्वोने आधी गाडीच्या सांगाड्याकडून काम सुरू केलं. 1991 मध्ये त्यांनी आणलेल्या रचनेत धडकेचा जोर बी-पिलर, तळ, सीटखालच्या आडव्या पोलादी पट्ट्या आणि दोन सीटमधला कप्पा यांतून गाडीच्या दुसऱ्या बाजूला पोचवला जाई. सीटसकट माणूस आतल्या बाजूला सरकावा, हा त्यामागचा विचार होता. त्यापुढची पायरी म्हणजे सीटमधली एअरबॅग. ती 1994 मध्ये व्होल्वो 850 मध्ये आली, आणि तिच्या घडणीत ऑटोलिव्ह या स्वीडिश कंपनीचा वाटा होता. त्या पहिल्या आवृत्तीत विजेचा संबंधही नव्हता. सेन्सर यांत्रिक होता आणि तोही सीटच्याच कडेला होता.

या पिशवीने छाती आणि कंबर सांभाळली, पण डोकं उघडंच होतं. 1997 मध्ये बीएमडब्ल्यूने खिडकीच्या वर तिरकी ताणली जाणारी फुगीर नळी आणली. 1998 मध्ये व्होल्वोच्या एस80 मध्ये छताच्या कडेतून पडद्यासारखी उतरणारी एअरबॅग आली. आजच्या 'सहा एअरबॅग'चं गणित तेव्हापासूनचं आहे. दोन समोर, दोन पुढच्या सीटमध्ये, दोन पडदे.

याचा उपयोग किती झाला? अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेने प्रत्यक्ष अपघातांचा अभ्यास केला. चालकाच्या बाजूने बसलेल्या धडकेत, डोकंही सांभाळणाऱ्या बाजूच्या एअरबॅगमुळे मोटारचालकाचा मृत्यूचा धोका 37 टक्क्यांनी आणि एसयूव्हीच्या चालकाचा 52 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. फक्त छाती सांभाळणाऱ्या पिशवीने तो अनुक्रमे 26 आणि 30 टक्क्यांनी कमी झाला. सीटमधली पिशवी आणि पडदा ही जोडी आहे, आणि एकीचं काम दुसरी करू शकत नाही, हेच त्यातून दिसतं.

मुद्दाम कच्ची शिवण

आता माझ्या कामाकडे येतो. सीटची पाठ उघडलीत तर दाराकडच्या बाजूला, पोलादी चौकटीला बोल्टने आवळलेलं एक पाकीट दिसेल. त्यात घडी केलेली पिशवी आणि नळकांडं असतं. त्यावर फोम, त्यावर कव्हर. पिशवीला बाहेर यायला वाट हवी. ती वाट म्हणजे कव्हरची एक शिवण.

शिवणकामात सगळा कटाक्ष शिवण पक्की होण्याकडे असतो. इथे नेमकं उलट. सीटच्या बाकी सगळ्या शिवणी दहा वर्षं उसवता कामा नयेत आणि ही एक शिवण ठरलेल्या क्षणी उसवलीच पाहिजे. रोजच्या चढउताराने, उन्हाने, घामाने ती सैल पडू नये, पण पिशवीच्या रेट्याने काही मिलीसेकंदांत वरपासून खालपर्यंत फाटावी. त्यासाठी धागा वेगळा, टाक्यांची घनता वेगळी. कव्हर ताणलं जाऊन जोर फुकट जाऊ नये म्हणून आतून न ताणणाऱ्या कापडाच्या पट्ट्या लावतात, त्या पिशवीचा सगळा जोर शिवणीवरच आणून सोडतात. कारखान्यात या शिवणीसाठी मशीन वेगळं असतं, धाग्याचा ताण मोजला जातो, आणि प्रत्येक सीटच्या त्या एका शिवणीची नोंद ठेवली जाते. सीट गोठवून, नेहमीच्या तापमानाला आणि उन्हातल्या बंद गाडीसारखी तापवून, अशा तिन्ही अवस्थांत पिशवी फोडून बघतात.

एकदा आमच्या एका चाचणीत चुकून नेहमीचा जाड धागा वापरलेलं कव्हर आलं. डोळ्याला फरक दिसत नव्हता. पिशवी उघडली तेव्हाही आम्हाला फक्त 'फट्' ऐकू आलं. मग संथगती चित्रीकरण लावलं. शिवण फाटायच्या ऐवजी नुसती फुगत गेली, पिशवी आतल्या आत वळली आणि माणसाच्या बाजूला न येता पाठीमागच्या बाजूने फोम फाडून निघाली. बाहेर आली ती उशिरा आणि भलत्या जागी. तोवर दार डमीपर्यंत पोचलेलं असतं. खोलीत कुणी बोललं नाही. एका धाग्याचा फरक होता.

आता दुकानात चढवलेल्या कव्हरचा विचार करा. जाड रेक्झिन, त्याखाली स्पंज, बाजूने पक्की दुहेरी शिवण. कारखान्याने जी शिवण मुद्दाम कच्ची ठेवली, तिच्यावर आपण पैसे देऊन पक्की भिंत उभी करतो. गाडीच्या पुस्तिकेत याबद्दल इशारा छापलेला असतो, पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटातच राहते. बाजूने मोकळी सोडलेली किंवा एअरबॅगसाठी तपासलेली कव्हरं मिळतात. ती मागावी लागतात, एवढंच.

पलीकडून आलेली धडक

इथवर आपण धरून चाललो, की धडक माणसाच्याच बाजूने बसली. पण ती पलीकडून बसली तर? आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याचा बेल्ट उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो. धडक डावीकडून आली की त्याचं शरीर डावीकडे झुकतं, खांदा बेल्टमधून निसटतो, आणि डोकं शेजारच्या माणसाच्या डोक्यावर किंवा पलीकडून आत आलेल्या दारावर आपटू शकतं. तिरका बेल्ट समोरच्या धडकेसाठी उत्तम आहे, या दिशेला तो दुबळा पडतो.

यावरचा उपायही सीटमध्येच सापडला. चालकाच्या सीटच्या आतल्या कडेतून, दोन सीटच्या मधोमध उभी राहणारी एअरबॅग. जनरल मोटर्सने 2013 च्या काही मोठ्या गाड्यांत ती आणली. युरोपातल्या 'युरो एनकॅप'ने 2020 पासून पलीकडच्या धडकेत डोकं किती लांब जातं याला गुण द्यायला सुरुवात केली, आणि ही मधली पिशवी युरोपातल्या अनेक गाड्यांत दिसू लागली. आपल्याकडच्या सहा एअरबॅगमध्ये ती धरलेली नाही.

आपले नियम, आपले रस्ते

भारतात बाजूच्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलना 1 ऑक्टोबर 2017 पासून आणि सर्व गाड्यांना 1 ऑक्टोबर 2019 पासून सक्तीची झाली. एआयएस-099 हे त्या मानकाचं नाव. 950 किलोचा, पुढे चेपणारा ठोकळा लावलेला गाडा ताशी 50 किलोमीटरने गाडीच्या बाजूवर आदळवतात. जानेवारी 2022 मध्ये सरकारने सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. त्यात पुढच्या दोन सीटसाठी बाजूच्या एअरबॅग आणि दोन पडदे होते. अंमलबजावणी आधी ऑक्टोबर 2022 वरून ऑक्टोबर 2023 वर गेली, आणि मग ही सक्ती करणार नसल्याचं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं. त्याऐवजी 1 ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' ही तारांकन पद्धत लागू झाली. तीत समोरून ताशी 64, बाजूने 50 आणि खांबावर बाजूने 29 किलोमीटर वेगाच्या चाचण्या आहेत.

खांबाची चाचणी ऐकायला किरकोळ वाटते. पण आपल्या जुन्या रस्त्यांच्या कडेचे वड आणि चिंचा आठवा. गाडी घसरून आडवी झाली आणि झाडावर गेली, तर सगळा जोर हातभर रुंदीच्या पट्ट्यात येतो आणि तो पट्टा नेमका डोक्यासमोर असू शकतो. तिथे पडदा नसेल तर डोकं आणि खोड यांच्यात फक्त काच असते.

गाड्यांची उंची हाही प्रश्न आहे. 950 किलोचा गाडा छोट्या मोटारींच्या काळातला आहे. आज रस्त्यावर उंच नाकाच्या, दीड-दोन टनांच्या गाड्या आहेत. अमेरिकेतल्या वर सांगितलेल्या संस्थेने 2021 मध्ये आपल्या चाचणीतला गाडा सुमारे 1,500 वरून 1,900 किलोवर आणि वेग ताशी 50 वरून 60 किलोमीटरवर नेला. आकडे थोडेच वाढलेले दिसतात, पण वेगाचा वर्ग होत असल्याने धडकेची ऊर्जा 82 टक्क्यांनी वाढली.

आणि आपले रस्ते बाजूच्या धडकेला आमंत्रण देणारे आहेत. महामार्गाच्या डिव्हायडरमध्ये गावकऱ्यांनी पाडलेली फट, तीतून निघणारा ऊस भरलेला ट्रॅक्टर, सिग्नल बंद असलेला चौक, पहाटे मोकळा दिसतो म्हणून न थांबता ओलांडलेला. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली बहुसंख्य मोटारीत नव्हती, हेही खरं. पण जी होती, त्यांतल्या कित्येकांच्या बाबतीत मधली वीतभर जागा रिकामीच राहिली असेल.

मागच्या सीटवरचा माणूस

सहा एअरबॅगचा आकडा ऐकून सगळ्यांना समाधान वाटतं, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सीटमधल्या दोन पिशव्या पुढच्या दोन माणसांसाठी आहेत. मागे बसलेल्याचं डोकं पडदा सांभाळतो. त्याच्या छातीसाठी बहुतेक गाड्यांत पिशवी नसते. दाराची मजबुती आणि आतल्या आवरणाचा मऊपणा, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. आपल्याकडे मात्र मानाची जागा मागची, त्यातही डावीकडची. साहेब तिथे बसतात, आजी तिथे बसते, नवरी तिथे बसते.

तिथे बेल्टचा उपयोग काय? दार आत येतं तेव्हा बेल्ट त्याला अडवत नाही. पण बेल्ट माणसाला सरळ, दारापासून दूर, आपल्या जागी ठेवतो. ती वीत शाबूत ठेवतो. पहिल्या धडकेनंतर गाडी गरकन फिरते, दुसरीकडे आपटते, उलटते, तेव्हा माणसाला आत धरून ठेवतो. पडदा उतरतो तो डोकं अमुक जागी असेल असं धरून. दाराला रेलून झोपलेल्या माणसाने ती वीत स्वतःच संपवलेली असते. लहान मुलासाठी बाजूंना खोल पंख असलेली सीट घ्यावी. युरोपात 2013 पासून लागू झालेल्या आर-129 या मानकात अशा सीटची बाजूच्या धडकेची चाचणीही असते, आधीच्या मानकात ती नव्हती. खरेदी करताना तो आकडा बघावा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी भाचीकडे गेलो. दोघांनी मिळून पुढच्या सीटची कव्हरं काढली. चेन होत्या, हूक होते, सीटखाली इलॅस्टिक गुंतवलेलं होतं. तिथे हात घालताना तिला पिवळ्या रंगाची एक जोडणी दाखवली आणि सांगितलं, "ही एअरबॅगची वायर. गाडी धुणाऱ्याला सांग, हिला हात लावायचा नाही. आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर."

शेवटचा हूक निघाला आणि सीटच्या कडेला ती छोटी पट्टी दिसली. भाचीने तिच्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे मी पैसे देऊन घेतली आणि फुकटात झाकली," ती म्हणाली.

तेवढ्यात ताई बाहेर आली. त्या संध्याकाळी सगळे कोल्हापूरला निघणार होते. तिच्या काखेत नेहमीची उशी होती, प्रवासात दाराला लावून झोपायची. भाचीने काही न बोलता ती उशी घेतली, डिकीत टाकली, आणि मागच्या सीटच्या फटीत रुतून बसलेलं बेल्टचं बक्कल बोटाने उकरून वर काढलं.